जंगलातली एक सकाळ: सफारीचे तुमचे अनुभव सांगा

मोहफूल
काल पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, ताडोबाला जायचंय, पण हातात अर्धाच दिवस आहे. सकाळची सफारी घेऊ की दुपारची? आणि गेट कोणतं?" तिला सगळं सांगून फोन ठेवला आणि एप्रिलमधली एक सकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

मोहर्लीचं गेट, अजून पुरतं उजाडलेलं नाही. आमची गाइड जवळच्याच गावातली तरुण मुलगी. आत शिरून जरा पुढे गेलो तोच तिने हात वर केला, ड्रायव्हरदादांनी गाडी बंद केली. आम्ही सगळे झाडीत डोळे फाडून बघतोय आणि ती मात्र वाकून रस्त्यावरच्या धुळीकडे. वाघाचे ठसे होते, दोन वेगवेगळ्या वेळचे. एकावरून किड्यांच्या बारीक रेघा गेलेल्या, म्हणजे तो रात्रीचा. दुसरा अगदी कोरा, कडा अजून ढासळलेल्या नाहीत. "ही आत्ताच गेलीय. मादी आहे. नराचा पंजा चौकोनी दिसतो, हिचा लांबट आहे बघा." पुढे तिने एका ऐनाच्या खोडाशी गाडी अगदी चिकटून उभी करायला लावली आणि म्हणाली, "आता वास घ्या." बासमतीचा भात शिजतोय असा वास! वाघीण हद्दीची खूण म्हणून खोडावर फवारा मारून गेली होती.

वाघीण शेवटपर्यंत दिसली नाही. तरी आमच्या गाडीतलं कुणीही हळहळत परत आलं नाही.

त्यामुळे माझं ठाम मत आहे. वेळ कमी असेल तर नियोजन गाइडला काम करू देण्याचं करावं. "अमुक पाणवठ्यावर साइटिंग चालू आहे" असं कळलं की सगळी सकाळ त्याच्यामागे धावण्यात जाते. गाइडला आत शिरतानाच सांगा, आम्हाला थांबायला आवडतं, घाई नाही. फार फरक पडतो.

तुमचे अनुभव लिहा ना. ताडोबाच पाहिजे असं नाही. नागझिरा, पेंच, मेळघाट, बोर, कुठलंही.

झाडीपट्टी
गेटचं सांगतो. चंद्रपूरला रेल्वेनं उतरणार असाल तर मोहर्ली. नागपूरहून गाडीनं येणार असाल तर चिमूरकडून कोलारा सोपं पडते. सकाळी एका गेटनं अन् दुपारी दुसऱ्या गेटनं असं करू नका जी. नकाशात जवळ दिसते, पण अख्ख्या जंगलाला वळसा घालून जावं लागते अन् जेवणाचे वांधे होते. अन् मंगळवारी येऊ नका, बंद राहते. दरवर्षी कोणी ना कोणी गेटवर येऊन परत जाते, लेकरं रडतात, पाहवत नाही.

गव्हाची_कणीक
वाचतेय. पोळ्या झाल्या की लिहिते.

सायली_कोथरूड
आम्ही डिसेंबरात सासूबाईंना घेऊन गेलो होतो. सत्तरीच्या आहेत, आयुष्यात पहिल्यांदाच जंगल बघत होत्या. उघडी जिप्सी, पहाटेचा वारा, बोटं नुसती बधिर! गरम पाण्याची पिशवी नेली होती ती मांडीवर, वरून घोंगडी, कानटोपी. थंडीत जाणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं: तीन थर घाला आणि ऊन चढेल तसा एकेक काढा. रंग मातकट, हिरवे. सेंट, अत्तर अजिबात नको.
सासूबाईंना वाघापेक्षा कडाईचं झाड आवडलं. सगळं जंगल हिरवं-तपकिरी आणि मध्येच ते पांढरंफटक उभं. गाइड म्हणाला, अंधारात चमकतं म्हणून याला भुताचं झाड म्हणतात. घरी आल्यापासून प्रत्येक पाहुण्याला भुताच्या झाडाची गोष्ट ऐकावी लागते :)

निवृत्त_मास्तर
@सायली, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना जिप्सीत चढवलं कसं? आमच्या हिचं ऑपरेशन झालंय. ती म्हणते तुम्ही जा, मी खोलीवर थांबते. तिला सोडून मला जायचं नाही.

सायली_कोथरूड
काका, नक्की न्या काकूंना! आम्ही रिसॉर्टमधूनच प्लास्टिकचं स्टूल नेलं होतं. ड्रायव्हरदादांच्या शेजारची जागा मिळाली तर उत्तम, तिथे चढणं सोपं आणि धक्केही कमी. मागच्या उंच सीटवर बसवू नका. आणि बाथरूमचं गाइडला आधीच विचारा, आत ठरलेल्या जागीच उतरू देतात.

निवृत्त_मास्तर
स्टूल लिहून ठेवलं. हिला वाचून दाखवलं तर आता स्वेटर शोधायला उठली आहे.

उमरेडकर
मला जरा कडू लिहायचंय. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते. पुढूनही जिप्सी, मागूनही जिप्सी. त्यांना निघायला वाटच ठेवली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ बघून माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, त्यांना जायचं होतं ना?" मी काय सांगू?
गाडीतल्या पर्यटकांनीच "दादा, गाडी मागे घ्या" म्हटलं पाहिजे. ड्रायव्हर तुमच्याच शब्दाच्या दबावाखाली असतो.

पावशा
+१. अगदी खरं आहे उमरेडकर.

गव्हाची_कणीक
आले. आमची सफारी नागझिऱ्याची, दुपारची. मुलगा तेव्हा पहिलीत. पहिला तासभर काही नाही, त्याचं "आई भूक" सुरू. मग रस्त्यात एक शेणकिडा दिसला, स्वतःपेक्षा मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत चाललेला. गाइडकाकांनी गाडी थांबवली आणि त्याला सांगितलं की हा रस्ता ओलांडेपर्यंत आपण हलायचं नाही. शेणकिडा घसरतोय, गोळा सुटतोय, पुन्हा पकडतोय. मुलगा श्वास रोखून. तेवढ्यात उजवीकडून रानकुत्री आली, तांबडी, झुपकेदार काळ्या शेपटीची, एकामागून एक! सात तरी असतील. गाडीपासून हाकेच्या अंतरावर एकमेकांशी शिट्टीसारखा आवाज काढत उभी राहिली आणि गेली. शेणकिड्यासाठी थांबलो नसतो तर ती दिसलीच नसती.
शाळेतल्या चित्रात त्याने अर्थात शेणकिडाच काढला. कुत्री कोपऱ्यात.

पावशा
कोपऱ्यातली कुत्री :D फोटो टाका चित्राचा!

वाटाड्या_७
मी स्वतः गाइड आहो, बफरच्या म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाच्या एका गेटवर. बायको म्हणे तू पण लिही, म्हणून लिहून राह्यलो.
आमचा नंबर रोस्टरनं लागते. कोणती गाडी येईल ते आमच्या हाती नाही अन् तुमच्याही नाही. म्हणून बसल्याबरोबर दोन शब्द बोला. तुम्हाला पाखरं आवडतात, झाडं आवडतात, का पहिल्यांदाच आले, हे समजलं का आम्ही तसा रस्ता धरतो. सकाळचा पहिला तास रस्त्याचा असते, कारण दवानं गवत ओलं राहते अन् वाघ कोरड्या रस्त्यानं चालते. ऊन चढलं का पाणवठे. मग कान. वानर, चितळ कशालाही ओरडते, बिबट्या असो, रानकुत्रे असो. पण सांबरानं "पोंक" केलं अन् पुन्हा पुन्हा केलं, तर आम्ही गाडी वळवतोच. अशा वेळी मागच्या सीटवर वेफर्सचं पाकीट वाजलं का सगळं गेलं.
अन् वेळेत गेटच्या बाहेर निघावं लागते. उशीर झाला तर कारवाई गाइड-ड्रायव्हरवर होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत "अजून एक चक्कर मारा ना" म्हणू नका, एवढी विनंती आहे.

मोहफूल
दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याचं चीज झालं. दवाचं मला माहीत नव्हतं. वहिनींनाही धन्यवाद सांगा.

जोबर्गची_मीना
इकडे दक्षिण आफ्रिकेत क्रुगरमध्ये उलटं आहे. स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, मुख्य रस्ते डांबरी. क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, ताडोबाचा कोअर म्हणजे गाभ्याचं जंगल सव्वासहाशे. सुरुवातीला आम्ही आपापलेच फिरायचो. मग आईबाबा आले तेव्हा पार्कचीच पहाटेची फेरी घेतली, मोठी उघडी गाडी, सोबत गाइड. ही गाडी गेट उघडायच्या आधी सुटते, त्यामुळे रस्ते मोकळे. गाइडने टॉर्चच्या उजेडात झुडपातला सरडा दाखवला, तळहाताएवढा. चालत्या गाडीतून तो त्याला दिसला कसा, हे बाबांना आजही कळलेलं नाही. ते म्हणाले, आपल्याकडे गाइड सक्तीचा आहे तेच बरं.
मला मात्र इथे बांबूची कुरकुर ऐकू येत नाही. ताडोबाचा तो आवाज, दुपारी वारा सुटला की... असो. जानेवारीत येतेय भारतात.

तुकूम
जामणीचं कुरण पाहिलं असेल तुम्ही सगळ्यांनी. चितळ, गवे मस्त चरत असतात, फोटो चांगले येतात. तिथे माझ्या आईचं माहेर होतं. बोटेझरी, नवेगाव, जामणी, ही गावं जंगलातून बाहेर आणून वसवली. आईला मागच्या वर्षी सफारीला नेलं. आजोळच्या गावाला जाताना तिकीट काढावं लागलं. गाइड पोरगा सांगू लागला, "इथं आधी गाव होतं." आई म्हणाली, "बाबू, माहीत आहे मला," अन् मग तीच त्याला दाखवत गेली. विहीर इकडे होती, बैल पाण्यावर इकडून न्यायचो, वाघ आला की थाळ्या वाजवायचो. पोरानं सगळं वहीत लिहून घेतलं.
आईला राग नाही. नव्या गावात शाळा आहे, दवाखाना जवळ आहे, असं ती म्हणते. पण तुम्ही जाल तेव्हा गाइडला गावांबद्दल विचारा. फार कमी लोक विचारतात.

सायली_कोथरूड
तुकूम, आम्ही तिथे थांबून फोटो काढले होते आणि कुणीच काही विचारलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

वाटाड्या_७
तुकूमभाऊ, मावशीला एकदा आमच्या गेटवर आणा. नवीन पोरांना ऐकू द्या.

घारापुरी
ताडोबा तलावाकाठच्या तारू देवाच्या ठाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? वाघाशी लढताना मारला गेलेला गोंडांचा पुढारी, त्याच्यावरून ताडोबा. पौषात तिथे जत्रा भरते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सर्वात जुनं, पण देव त्याच्याही कितीतरी आधीचा. तलावात मगरी आहेत. आमच्यासमोर एक ओंडका तोंड उघडून पडला होता आणि एक बाई म्हणाल्या, "इथे पाय सोडून बसायला काय छान वाटेल."

पावशा
ओंडका :D :D
बरं, नागपुरात सकाळी उतरलं तर तर्रीपोहे कुठले खायचे?

उमरेडकर
पावशा, हा प्रश्न नागपूरकरांना विचारू नका, भांडणं होतील. जिथं गर्दी दिसेल तिथं खा. तर्री वेगळी मागा, सफारीला जायचं असेल तर अर्धीच.

शिंपीण
माझा नवरा वनखात्यात आहे (ताडोबात नाही). नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या खुणा शोधत पायी जाणाऱ्या महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला, त्यात त्या गेल्या. त्या दिवसापासून हे पायी गस्तीला निघाले की मी देवाजवळचा दिवा विझू देत नाही. सफारीत तुम्हाला खाकी कपड्यातलं कुणी सायकलवर किंवा पायी दिसलं तर हात करा, "जय जंगल" म्हणा, काहीही म्हणा. ते घरी येऊन सांगतात, आज एका गाडीतल्या पोरांनी सलाम केला. सगळा शीण जातो.

गव्हाची_कणीक
शिंपीणताई, वाचून पोटात कालवलं. मुलाला सांगून ठेवते, सलाम करायचाच.

निवृत्त_मास्तर
काळजी घ्या ताई. तुमच्या यजमानांना आमचा नमस्कार.

नवखा_पर्यटक
मोबाइल नेऊ देतात का आत? कॅमेरा नाहीये माझ्याकडे.

झाडीपट्टी
मोबाइल आत वापरू देत नाही. साधा कॅमेरा कोणाकडून तरी आणा नाही तं डोळ्यानं पहा. मूळ ओळखपत्र मात्र विसरू नका, बुकिंगवर जे टाकलं तेच. बुकिंग सरकारी साइटवरूनच करा. नावाच्या जवळपास दिसणाऱ्या बाकीच्या साइट फार आहेत, पैसे टाकण्याआधी पत्ता नीट वाचा. पूर्ण जिप्सीत सहा पर्यटक बसतात, ओळखीची सहा जमवली तर खर्चही वाटला जाते.

मोहफूल
पावसाळ्यात कुणी बफरला गेलंय का? कोअर तेव्हा बंद असतो, पण पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो ना, तो ऐकायचाय मला.

घारापुरी
जूनच्या सुरुवातीला जा, कोअर बंद व्हायच्या आत. नवरंग सकाळी आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो, दिसतो मात्र पालापाचोळ्यात खाली. गाइडला आधी सांगा, नाहीतर वाघाच्या नादात गाडी पुढे निघून जाते.

निवृत्त_मास्तर
आमचं जानेवारीचं ठरतंय. सकाळची घेऊ की दुपारची?

वाटाड्या_७
काकू सोबत आहेत तर दुपारची घ्या काका. चढा-उतरायला उजेड राहते, थंडी शेवटच्या तासातच लागते. उन्हाळ्यात विचारलं असतं तर सकाळची म्हटलो असतो, चंद्रपूरचं ऊन तुम्हाला झेपणार नाही.

निवृत्त_मास्तर
दुपारची नक्की. बुधवार बघतो.