२एक्स − ३वाय > ६ मध्ये शेडिंग नक्की कुठल्या बाजूला?

कोथरूड_कॉमर्स_११वी
इनइक्वॅलिटीच्या ग्राफवरून माझं आणि मैत्रिणीचं जमतच नाहीये. गणित आहे २एक्स − ३वाय > ६. रेषा दोघींची सेम आलीये, (३, ०) आणि (०, −२) मधून जाणारी. क्लासमध्ये सांगितलंय की 'पेक्षा मोठं' चिन्ह असलं की रेषेच्या वर शेड करायचं म्हणून मी वर केलं, पण ती (०, ०) टाकून बघते आणि म्हणते खाली. परवा टेस्ट आहे, कोणीतरी नीट समजावून सांगा ना, नुसतं उत्तर नको.

धायरीकर
मैत्रीण बरोबर आहे. (०, ०) टाकलं की ० > ६ येतं, ते खोटं, मग ओरिजिनची बाजू सोडून दुसरी शेड करायची. आणि रेषा तुटक काढ, कारण (३, ०) टाकलं तर ६ > ६ होतं आणि ते चालत नाही, म्हणजे रेषेवरचे बिंदू उत्तरात नाहीत.

गणितवाली ताई
'मोठं म्हणजे वर' हे डावीकडे वायच्या मागे धन आकडा असेल तेव्हाच खरं. इथे वायच्या मागे −३ आहे, त्याने भागलं की चिन्ह उलटतं (२ हा ५ पेक्षा लहान, पण −२ हा −५ पेक्षा मोठा, तसंच) आणि वाय < (२/३)एक्स − २ मिळतं. म्हणजे खालीच.

आता एक बिंदू तपासून अख्खी बाजू कशी काय ठरते, हे कुणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. पेन्सिलने २एक्स − ३वाय = ७ काढ, मग = ८, मग = ९. सगळ्या समांतर, एकेक करत उजवीकडे खाली सरकतात. = ५, = ४ वाल्या दुसरीकडे जातात, आणि ओरिजिन = ० वाल्या रेषेवर बसलाय. तुझं शेडिंग म्हणजे ६ च्या पुढच्या झाडून सगळ्या रेषा, अगदी ६.०१ वाली पण. ६ ची रेषा ओलांडल्याशिवाय खरंचं खोटं होऊच शकत नाही, म्हणून एक बिंदू पुरतो.

कोथरूड_कॉमर्स_११वी
ताई, काढून बघितलं, खरंच सगळ्या खाली गेल्या!! थँक्यू. पण मग एक्स − २वाय ≤ ० ला काय करू, (०, ०) टाकलं तर ० ≤ ० खरंच येतंय.

गणितवाली ताई
कारण (०, ०) तिथे रेषेवरच आहे गं, त्यावरून बाजू कळणार नाही. (०, १) घे. −२ ≤ ०, खरं, म्हणजे तीच बाजू, आणि रेषा सलग. ती काढताना एक्स शून्य घे नाहीतर वाय शून्य घे, बिंदू (०, ०) च येतो, म्हणून दुसरा (४, २) घे.

धायरीकर
आणि एकाच ग्राफवर तीन-चार इनइक्वॅलिटी असल्या तर प्रत्येकीला शेड करत बसू नकोस, सगळा चिखल होतो. प्रत्येक रेषेवर बाजू दाखवणारा छोटा बाण काढ आणि शेवटी फक्त कॉमन भाग शेड कर. बारावीला एलपीपीत (लिनियर प्रोग्रामिंग, म्हणजे दिलेल्या अटींत राहून सगळ्यात जास्त किंवा कमी किंमत काढायची गणितं) त्या भागाचे कोपरेच लागतात, तेव्हा साध्या वहीत नको, अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपर आणून ठेव.