मदत हवी आहे: सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५ आणि बॉम्ब न टाकता गेलेली विमानं

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय.

माझे आजोबा, आईचे वडील, मूळ दोडामार्गचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई. इटलीत सेनिओ नदीवर त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला, त्या लढाईत तेही होते. युद्धाबद्दल बोलत नसत. पण चवथीला फटाके वाजले की एकच गोष्ट सांगायचे, "शेवटची विमानं आली ती काय न टाकता गेली. म्हणून आम्ही काठावर पोचलो."

बॉम्ब न टाकल्यामुळे पोचलो? वयामुळे घोळ होतोय, असंच आम्ही समजत आलो.

आता वाचते आहे तर त्या दुपारी आठशेच्या वर जड बॉम्बफेकी विमानं आली होती. आपल्याच रणगाड्यांना खड्डे आडवे येऊ नयेत म्हणून त्यांनी छोटे, तुकडे उडवणारे बॉम्ब टाकले. त्यांतले काही चुकून आपल्याच बाजूच्या पोलिश सैनिकांवर पडले. मग संध्याकाळपर्यंत तोफा आणि लढाऊ विमानं आलटून पालटून. शेवटी लढाऊ विमानांनी नुसतेच सूर मारले, काही न टाकता. जर्मन डोकी खाली घालून बॉम्बची वाट बघत राहिले आणि तेवढ्यात पायदळ निघालं. आजोबा अक्षरशः खरं सांगत होते. ते असताना मी कधी नीट विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तरीही जाधवांच्या सोबतची तुकडी जवळजवळ संपली होती. जखमी साथीदारांना त्यांनी खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून आणलं आणि मग तीन मशीनगन ठाणी गप्प केली. म्हणजे नदीकाठच्या उंच बांधातच खणलेली जर्मन ठाणी एवढ्या बॉम्बफेकीनंतरही जिवंत होती. मग विमानांचा खरा उपयोग किती झाला? वर घिरट्या घालणारी विमानं आघाडीवरून वायरलेसने बोलावत, त्याला 'कॅब रँक' म्हणत. मराठ्यांच्या पट्ट्यात त्या रात्री अशी मदत मिळाली का? हे जाणकारांनी सांगावं.

दुसरं, आजोबांचं डिस्चार्ज बुक आहे, नंबर वाचता येतो. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अशा चौकशीचं पत्र कुणी लिहिलंय का? मराठीत चालतं का? बटालियनची युद्धडायरी लंडनहून कुणी मागवली असेल तर तेही कळवा.

आई ७७ वर्षांची आहे. तिला वाचून दाखवायचंय.