भरलेलं गोदाम म्हणजे चांगला वापर?

वर एका भाऊंनी लिहिलंय की त्यांचं गोदाम ९० टक्के भरलेलं असतं, म्हणजे वापर उत्तम. मी नागपूरजवळच्या वाडीत गोदामाचंच काम बघतो, आणि मला हे पटत नाही. भरलेलं गोदाम कधीकधी नुसता पडून राहिलेला माल असतो. त्यात फरशी व्यापलेली अन् वरची उंची रिकामी! चौरस फुटांऐवजी घनफूट मोजा, आणि वर्षात माल किती वेळा फिरला तेही.

खरी गळती गाड्यांत आहे. समजा २० टनी ट्रक समृद्धीवरून मुंबईकडे पूर्ण भरून गेला, येताना ५ टनच मिळाले. नुसते किलोमीटर धरले तर रिकामी फेरी एकही नाही. टन-किलोमीटरने, म्हणजे वजन गुणिले अंतर धरून, मात्र दोन्ही फेऱ्यांच्या ४० टनांपैकी २५, म्हणजे ६२.५ टक्केच वापर. अन् ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर वाचलेले तास गोदामाच्या फाटकापुढच्या रांगेत गेले तर?

आम्ही गाडी आत आल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहायला लागलो. वेळ हमालीत जात असेल असं वाटायचं; निघाला कागदपत्रांत.

बाकी वर्षाची सरासरी काढू नका बाप्पा. संत्र्याच्या हंगामात गाडी मिळत नाही, उन्हाळ्यात त्याच उभ्या असतात.