रेंडर लावला की पीसी एकदम बंद पडतो

प्रश्न:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांच्या शेडला लागून ऑफिस आहे. प्रोसेसर इंटेल आय५-१०४००, त्यासोबत आलेलाच पंखा, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). टॉवेलच्या डिझाईनचा रेंडर (पीसीकडून अंतिम चित्र तयार करून घेणं) लावला की दहा-बारा मिनिटांत पीसी बंद. निळी स्क्रीन नाही. सकाळी चालतो, दुपारी हमखास पडतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते. विंडोज नवीन टाकून झालं. आता काय बघू?

उत्तर १:
४१ चा अर्थ पीसी नीट शटडाऊन झाला नाही, एवढाच. कारण त्यात नसतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सेन्सर उघडून लॉगिंग (आकडे फाइलमध्ये नोंदवणं) लावा आणि मग रेंडर करा. पीसी पडला तरी शेवटचे आकडे फाइलमध्ये राहतात. १०४०० ची मर्यादा १०० अंश. त्याच्या जवळ गेला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो; तरीही बंद पडत असेल तर उष्णता बाहेर निघतच नाहीये. पण ७०-७५ वरच पडला तर प्रोसेसरला हात लावू नका, दुसरा एसएमपीएस लावून बघा.

सकाळ-दुपारचा फरक साहजिक आहे. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो.

उत्तर २:
शेडला लागून म्हणजे रुईचे तंतू आलेच. वरून पंखा स्वच्छ दिसतो, त्यावर जाऊ नका. पंखा सोडवून बघा, खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर गोधडीसारखा थर बसलेला असतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

प्रोसेसरवरच्या कूलरच्या (पंखा आणि हीटसिंक) चार खुंट्यांपैकी एक जरी सैल असली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. बसवताना तिरक्या समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा, टक्क आवाज आला पाहिजे. बोर्ड उलटा करून चारही पाय फाकलेत का बघा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी पुरे.

एसएमपीएस उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. बाहेरूनच हवा मारा.

प्रश्नकर्ता:
तोवर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून समोर पाण्याचा कूलर लावला तर?

उत्तर २:
नको. ओलसर हवेत तंतू आणखी चिकटून बसतात. बाजू बंद ठेवा, पुढच्या पंख्याला बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला झटका. काम अडलं असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद होतो, रेंडरला वेळ जास्त लागेल, पण उष्णता बरीच उतरते.