जुन्या शहरांचे खाऊबाजार: तुम्ही किती वाजता गेलात?

मंडळी, अहमदाबादचा माणेकचौक एकाच जागेत तीन पाळ्यांत चालतो हे ऐकून होतो, पण यावेळी सकाळी आणि रात्री दोन्हीदा गेलो तेव्हा पटलं. सकाळी भाजीवाले, दिवसा सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री साडेनऊ-दहानंतर त्याच चौकात टेबलं-खुर्च्या, तवे, धूर, आणि चॉकलेट, चीज, अननस हे सगळं एकाच सँडविचमध्ये घालणारे लोक (खाल्लं, वाईट नव्हतं, परत खाणार नाही). बाजूलाच बादशाहनो हजिरो म्हणजे अहमदशहाची कबर आहे, ती मात्र उजेडातच बघून घ्या. २०१७ साली या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी रात्री तिथे टुरिस्ट कमी आणि घरचेच लोक जास्त. तेव्हापासून कुठलाही जुना बाजार बघायचा म्हटलं की मी आधी वेळ विचारतो. तुमचे अनुभव टाका, देशातले-परदेशातले सगळे चालतील. शाकाहारी लोकांनी तर नक्की लिहा, त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात.

*

मग इंदूरच्या सराफ्याशिवाय हा धागा पुढे कसा जाणार! उज्जैनहून परत येताना मुद्दाम मुक्काम केला. राजवाड्याजवळ सराफांची दुकानं बंद व्हायला लागतात आणि शटर खाली येतंय तोवर समोर गाडी उभी, म्हणजे जागा रिकामी अशी कधी नसतेच. तिथलेच लोक सांगतात की रात्री वर्दळ असली की दुकानांची आपोआप राखण होते म्हणून सराफांनाही हे बरंच आहे. भुट्ट्याचा कीस खा, मक्याचा कीस दुधात शिजवलेला, आणि थंडीत गेलात तर गराडू, कंदाचे तळलेले तुकडे वरून जिरावन मसाला आणि लिंबू, उन्हाळ्यात हे शोधू नका. शिकंजी मागवली तर लिंबू सरबत येणार नाही, घट्ट दुधाची सुकामेवा घातलेली येते आणि एका ग्लासात पोट भरतं, त्यामुळे ती शेवटी घ्या. आम्ही आपसात मराठीत बोलत होतो तर गाडीवाल्या काकांनी मराठीतच विचारलं "तिखट किती घालू?" होळकरांचं गाव शेवटी. एक प्लेट चौघांत हाच हिशोब ठेवा, नाहीतर तिसऱ्या गाडीपाशीच हात टेकाल.

*

इस्तंबूलचा मसाले बाजार. सतराव्या शतकातला, शेजारच्या येनी जामी मशिदीसोबत बांधलेला, दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च निघावा म्हणून, आणि आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, त्यामुळे कोपरा वळलात की आलेलं दार कुठलं ते विसरायला होतं. आत सगळं इतकं नीट रचलेलं की फोटोच काढत राहावंसं वाटतं. मसाल्यांचे ढीग, लोकुम म्हणजे टर्किश डिलाइट मिठाई, सुके अंजीर, आणि प्रत्येक दुकानदार "इंडिया? नमस्ते" करून चहा पुढे करणार. चहा प्यायला म्हणून काही घ्यावंच लागत नाही, बिनधास्त प्या. पण खरी मजा बाहेर आहे. कडेच्या हसिर्जिलार गल्लीत शिरा, तिथे स्थानिक बायका ऑलिव्ह आणि चीज चाखून चाखून घेत असतात, आणि कोपऱ्यावर १८७१ पासूनचं कॉफीचं दुकान, मेहमेत एफेंदी, वास आधी येतो दुकान नंतर दिसतं. रांग मोठी दिसली तरी घाबरू नका, पटापट सरकते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलं तर दुकानदारांनाही बोलायला वेळ असतो, अकरानंतर क्रूझवाले ग्रुप आले की चालणंसुद्धा मुश्कील. आपल्याकडे न्यायला सुमाक घ्या, आंबट लालसर पूड, काकडीच्या कोशिंबिरीवर काय लागते! आणि उर्फा मिरची, काळपट, तेलकट, धुरकट चवीची. व्हॅक्यूम पॅक करून देतात, बॅगेला वास लागत नाही.

*

ताई, तिथून केशर घ्यावं का? पुढच्या महिन्यात जातोय, सासूबाईंची ऑर्डर आहे.

*

ढिगाने ठेवलेलं, चमच्याने मोजून देतात ते अजिबात नको. टर्किश सॅफ्रन म्हणून जे स्वस्तात विकतात ते बहुतेक करडईच्या पाकळ्या असतात, आपल्या सोलापूरकडे शेतात असते ना तीच करडई. रंग येतो, वास शून्य. खरं केशर तिथेही छोट्या डबीत, ग्रॅमवर आणि महागच मिळतं, आणि बहुतेक इराणचं असतं. सासूबाईंना सुमाक द्या आणि विषय बदला.

*

बार्सिलोनाची बोकेरिया मंडई. रविवारी बंद, हे आधी सांगते कारण बरेच जण वीकेंडला जातात. सोमवारी मासेवाल्यांचे बरेच ठेले बंद असतात, रविवारी बोटी जात नाहीत म्हणून. आमचे हे मासे बघायला आसुसलेले, त्यामुळे आम्ही मंगळवार धरला. रांब्ला या मुख्य रस्त्याकडच्या दारातून आत शिरलात की फळांचे तुकडे आणि रंगीबेरंगी ज्यूसचे कप, तो सगळा प्रवाशांसाठीचा माल, तिथे न थांबता सरळ आत जा, मध्यभागी मासळीचे ठेले गोलाकार मांडलेत. गर्दीला वैतागून शहराने २०१५ मध्ये मोठ्या टुरिस्ट ग्रुपना शुक्रवार-शनिवारी खरेदीच्या वेळेत यायला मनाई केली होती, यावरून काय ते समजा. रोज भाजी घ्यायला येणाऱ्या आजीबाईंच्या वाटेत आपण सेल्फी काढत उभे, मला तरी अवघडल्यासारखं झालं. वर टांगलेले डुकराचे पाय ज्यांना बघवत नाहीत त्यांनी मनाची तयारी करून जावं.

*

शाकाहारी हजर! बुडापेस्टचं मोठं मार्केट, १८९७ चं, छपरावर रंगीत कौलं, डॅन्यूबच्या हिरव्या पुलाजवळ. खाली पाप्रिका आणि सॉसेजच्या माळा, वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, तळलेली मोठी पुरी त्यावर लसूण, सावर क्रीम आणि किसलेलं चीज, वर बाकी काही घालू नका म्हणून खुणेने सांगितलं की झालं. पाप्रिका घेताना गोड की तिखट ते बघून घ्या. त्यांचं तिखट आपल्याला फोडणीतसुद्धा कळत नाही. तळघरात लोणच्यांची दुकानं आहेत, बरण्यांमध्ये भाज्या कापून हसरे चेहरे केलेले, लेकीने तिथून हलायलाच नकार दिला.

*

टोकियोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. जुन्या ब्लॉगवर भरवसा ठेवून पहाटे त्सुकिजीला ट्यूनाचा लिलाव बघायला जाऊ नका, घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला. लिलाव आता तिथे, पहाटे साडेपाचच्या आसपास, काचेमागच्या गॅलरीतून कोणालाही दिसतो, जवळून बघायचा तर आधी लॉटरीत नाव द्यावं लागतं. त्सुकिजीत बाहेरचा बाजार अजून आहे आणि खायला तोच बरा, गोडसर अंड्याचं ऑम्लेट काडीवर लावून देतात, ते घेऊन चालत सुटायचं नाही, दुकानासमोरच उभं राहून संपवायचं. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी सुट्टी असते, महिन्याचं कॅलेंडर बघून मगच हॉटेल बुक करा.