मदत हवी आहे: ११ वर्षांच्या भाच्यासाठी दुर्बीण की बायनॉक्युलर?

भाऊबीजेला भाऊ सहकुटुंब आमच्याकडे येतोय. भाचा सहावीत आहे. खेळण्यांचं वय सरलं आणि कपड्यांत त्याला काडीचा रस नाही. मोबाइल, व्हिडिओ गेम नको, असं वहिनीने आधीच बजावलंय. पुस्तकं भरपूर आहेत. मागच्या वर्षी दिलेला इलेक्ट्रॉनिक्सचा संच आठवडाभरात माळ्यावर गेला, त्यामुळे पुन्हा 'किट' नको.

सध्या आकाशाचं वेड आहे. घर साताऱ्याजवळ, गच्ची मोकळी, उजेडही फारसा नाही. बजेट ४ हजार, फार तर साडेचार.

दुकानात ७० मिमी भिंगाची दुर्बीण पाहिली. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र दिसतील, शनीची कडीही दिसेल म्हणे. पण तिचा स्टँड नुसत्या बोटाच्या धक्क्याने डुगडुगत होता. आणि ६७५ पट मोठं दिसतं असं खोक्यावर छापलेलं! एवढ्याशा भिंगाला दीडशे पटही जास्तच. त्यामुळे विश्वास उडाला.

दुसरा पर्याय १०×५० चा (म्हणजे १० पट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर. कृत्तिका तारकागुच्छ, देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका त्यात छान दिसतात, दिवसा पक्षीही बघता येतील. मात्र शनीची कडी त्यात दिसणार नाहीत, आणि पोराला नेमकी तीच बघायचीत. शिवाय वजन किलोभर, हात थरथरणार.

घरात खगोलातलं कुणालाच कळत नाही, म्हणजे जुळवाजुळव त्याची त्यालाच करावी लागेल.

ज्यांनी या वयाच्या मुलांना यातलं काही दिलंय त्यांनी सांगा: या पैशांत बऱ्या स्टँडची दुर्बीण मिळते का, की ८×४२ सारखा हलका बायनॉक्युलर घ्यावा?