फोटॉनिक स्विचला ‘सांधा’ म्हणावं का?

गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या घरचं इंटरनेट बंद पडलं. फायबरवाला पोरगा आला, टोक मीटरला लावलं आणि म्हणाला, “काकू, लाइटच येईना.” आई म्हणाली, “लाइट हाय की रं, फॅन फिरतोय न्हवं!” दोघंही बरोबर. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज. त्याची लाइट म्हणजे काचेतून येणारा खराखुरा प्रकाश, तोही डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त.

फायबरला ‘प्रकाशतंतू’ रुळलाय, त्याबद्दल तक्रार नाही. अडतं ते पुढे. फोटॉनिक स्विच म्हणजे प्रकाश एका फायबरमधून दुसऱ्यात वळवणारं यंत्र. त्याला ‘प्रकाशीय स्विच’ म्हटलेलं वाचलं की मला भिंतीवरचं बटण दिसतं. म्हणून सुचवतो, सांधा. रेल्वेतला. सांधेवाला सांधा बदलतो, गाडी दुसऱ्या रुळावर जाते, डबा कुणी उघडत नाही. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये मात्र प्रकाशाची आधी वीज करायची, डेटा कुठे जायचाय तो पत्ता वाचायचा, मग लेझर लावून पुन्हा प्रकाश. म्हणजे जुनं मिरज जंक्शन! तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होते. एका गेजचा माल दुसऱ्यावर न्यायचा तर उतरवा आणि परत भरा. वेळ जातो, हमाली पडते. डेटा सेंटरमध्ये ही हमाली विजेच्या बिलात दिसते.

गूगलने आपल्या डेटा सेंटरांत १३६ दारांचे (म्हणजे पोर्टचे, जिथे फायबर जोडतात) प्रकाशाचे सांधे बसवलेत. आत बारीक आरसे असतात, ते किंचित कलले की किरण एका फायबरमधून दुसऱ्यात पडतो. डेटा किती वेगाने येतोय याच्याशी आरशाला देणंघेणं नाही. १०० गिगाबिटचे ४०० करा, सांधा तोच.

प्रतिसाद, मिरज:
मिरजेचा दाखला पटला, शब्द नाही. फायबरच्या कामात सांधा म्हणजे स्प्लाइस. दोन टोकं वितळवून चिकटवायची, गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, जरा सरकला की प्रकाश गळतो. ‘सांधा बदलला’ वाचून मला वाटेल जॉइंट परत मारला.

मूळ लेखक:
त्याला ‘जोड’ म्हणू, पाइपला देतो तसा. जोड देतात, सांधा बदलतात. क्रियापदच घोळ मिटवतं.

प्रतिसाद, सातारा:
एक शंका. असे आरसे कलायला मिलिसेकंद लागतात. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत (पॅकेट) जातो; प्रत्येक पाकिटाला वेगळी वाट द्यायची तर तेवढ्या वेळात हजारो पाकिटं खोळंबतील. ते काम अजून इलेक्ट्रॉनिक स्विचच करतात.

मूळ लेखक:
मग तर सांधा जास्तच बसतो की. सांधा गाडीसाठी बदलतात, प्रवाशागणिक नाही. पाकिटं वाटणाऱ्या यंत्राला स्विचच राहू द्या, उगाच सगळ्याचं मराठी करायचा हट्ट नको.

प्रतिसाद, विटा:
पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी १९६० मध्ये ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केलं, तेही दोन जुन्याच शब्दांना जोड देऊन. सांध्याला माझं मत. पण आईंच्या नेटचं पुढे काय झालं?

मूळ लेखक:
माळ्यावर उंदराने फायबर कुरतडलं होतं. पोराने जोड दिला, मीटर उणे २१ वर आलं, म्हणजे प्रकाश नीट पोचला. पंखा फिरतच होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “आली का रं तुझी लाइट?”